नऊशे वॅट-तासांचा संसार

गगनबावड्याच्या अलीकडे, वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यावर दहा बाय वीसची खोली बांधायची, तिथे विजेचा खांबही येऊ द्यायचा नाही आणि बिलही, असा संकल्प मी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी केला. आलेखाच्या वहीत एका चौकटीला एक फूट धरून मी खाट, शेगडी आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी लिहिण्याचे टेबल असा नकाशा काढला, तेव्हा दोनशे चौरस फूट मला राजवाड्याएवढे वाटले होते.

पहिला सुरुंग मिस्त्रींनी लावला. "पश्चिमेला खिडकी ठेवतायसा? मग आत एक नावबी ठेवा." बावड्याचा पाऊस आडवा येतो, हे मी विसरलो होतो. खिडकी पूर्वेला गेली आणि तिच्यासोबत माझा सूर्यास्तही. पाण्याचा हिशेब मात्र सुखावणारा निघाला, कारण साडेअठरा चौरस मीटर छपरावर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण १८५० लिटर पाणी मिळते. "आणि एप्रिलात?" असे आईने विचारल्यावर मी घाईने विजेच्या विषयाकडे वळलो.

सौर पॅनेलवर चार्ज होणारी बारा व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी १८०० वॅट-तास साठवते. पण ती शिशाची असल्यास आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरावी, म्हणजे हाती उरतात नऊशे. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालवायचा, तर अंगाला साबण लागलेला असतानाच ही पुंजी संपते. गीझर गेला. फ्रीज गेला. शौचालयाच्या शोषखड्ड्यावर घरात चार दिवस चर्चा झाली, ती येथे लिहिण्याजोगी नाही.

मिक्सरवर मात्र सौ. अडून बसली. साडेसातशे वॅटचा मिक्सर दहा मिनिटांत सव्वाशे वॅट-तास खातो, हे मी कागदावर मांडून दाखवले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, जुलैत तिकडं आठ-आठ दिवस ऊन नसतं. तांबड्या रश्श्याचं वाटण काय ढगांवर वाटायचं?"

तोडगा आईने काढला. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिने टेबलाच्या जागी पाटा-वरवंटा काढला आणि सराव असावा म्हणून परड्यातला खरा पाटाही धुऊन माझ्यापुढे ठेवला. पाऊण तासाने वाटीभर वाटण झाले, तोवर माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. सौ.ने चिमूटभर वाटण बोटांत चोळून पाहिले.

"खोबरं अजून भरडच लागतंय," ती म्हणाली, "आणि पांढऱ्याचं व्हायचंय."