सूर्यास्ताचे फोटो पुरे झाले

बोटीवरचा कुणी फोटो टाकायला लागला की लाइक पडतात ते सूर्यास्ताला, डॉल्फिनला, नाहीतर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, गॉगल लावून उभ्या असलेल्या ऑफिसरला. मीही बोटीवरच असतो, इंजिनरूममध्ये, आणि कॅमेरा बाळगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्र सुंदर आहे हे सांगायला आमची गरज नाही. तो किनाऱ्यावरूनही दिसतो. बाहेरच्याला दिसत नाही ते जहाजाच्या आतलं काम, आणि नेमकं तेच आम्ही टाकत नाही.

जगाच्या व्यापारातला 80 टक्क्यांहून जास्त माल समुद्रावरून जातो. तो नेणारे आम्ही सगळे मिळून साधारण 19 लाख. चारशे मीटर लांबीच्या कंटेनर जहाजावर माणसं जेमतेम वीस-पंचवीस! 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं झालं, त्याचे फोटो आणि मीम जगभर फिरले. त्यावर 25 भारतीय खलाशी होते. त्यातल्या एकाचा तरी चेहरा आठवतोय कुणाला?

आता स्कॅव्हेंज क्लीनिंगचं, म्हणजे इंजिनात पिस्टनखाली साचलेली घाण काढण्याचं, बघा. मेन इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं, हवा खेळवायची, ऑक्सिजन तपासायचा आणि मग पिस्टनखालच्या त्या अरुंद जागेत माणूस सरपटत आत शिरतो. तेलात भिजलेली काजळी खरवडून बादलीत भरत बसतो. आमचा फिटर बाहेर आला तेव्हा चष्म्याच्या जागी दोन गोरी वर्तुळं, बाकी सगळा काळाकुट्ट. बॉयलर सूटचा, म्हणजे कामाच्या अंगभर पोशाखाचा, मूळ रंग ओळखू येईना. तो फोटो माझ्याकडे आहे, पण त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकणार नाही.

इथे फोटो काढणंही सोपं नाही. एसीच्या कंट्रोल रूममधून बाहेर पडलात की लेन्सवर बाष्प धरतं, कॅमेरा गरम होईपर्यंत थांबावं लागतं. ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण पायाखालचं लोखंडच थरथरत असतं. टँकरच्या डेकवर तर साधा मोबाइलही चालत नाही. ज्वलनशील वायूचा प्रश्न आहे, तिथे हुज्जत घालू नये.

मला राग येतो तो कंपन्यांनी फोटोंवर घातलेल्या सरसकट बंदीचा. सुरक्षेची व्यवस्था, मालाची कागदपत्रं दाखवू नका, हे मान्य. पण काही ठिकाणी मेसरूममधला, म्हणजे जेवणाच्या खोलीतला, फोटोसुद्धा नको असतो. का? नियम म्हणतो, 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत 77 तास विश्रांती. रजिस्टरमध्ये हे आकडे कायम चोख जुळतात. बॉयलर सूटमध्येच बाकावर झोपलेल्या माणसाचा फोटो मात्र जुळत नाही.

2020 मध्ये कोविडमुळे सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही बोटीवर अडकले होते. बाहेरचा फोटोग्राफर तेव्हा गँगवे, म्हणजे जहाजाची शिडी, चढणार कसा? तो काळ टिपायचा तर आतल्यांनीच.

म्हणून कॅडेट, म्हणजे शिकाऊ पोरं ‘सर, कोणता कॅमेरा घेऊ’ विचारतात तेव्हा मी सांगतो, हातातला मोबाइल चालेल. सेफ्टी आधी बघा. काम आटोपल्यावर माणसांचे फोटो काढा. बोसनचे (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), कुकचे, ऑइलरचे (इंजिनरूममधला खलाशी), त्यांना विचारून. तारीख आणि कामाचं नाव लिहून ठेवा. कंपनी नको म्हणत असेल तर टाकू नका, डिलीट मात्र करू नका.