शंकरपाळ्यांचा फ्लेक्स

आमच्या ऑफिसात सहा बाय चारचा फ्लेक्स टांगलेला आहे. त्यावर कुणी भावी आमदार नाही, हात जोडलेले कार्यकर्ते नाहीत. आहेत ते चौकोन आणि बाण; मध्यंतरी शंकरपाळेही होते. चौकोन म्हणजे काम आणि शंकरपाळा म्हणजे प्रश्न.

शेठ कांदा निर्यात करतात, मी कागदपत्रं बघतो. 2023 च्या जुलैत शेठ मुंबईला कसल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, आपल्या कामाचा नकाशा पाहिजे. नवा पोरगा भिंतीकडे बघून कंटेनर लावेल, असा." नवा पोरगा म्हणजे शेठचा भाचा, हे सगळ्यांना कळलं.

मी मन लावून काढला. लासलगावचा लिलाव, खळ्यावर प्रतवारी, जाळीच्या गोण्या, कागदपत्रं, न्हावा शेवा. फ्लेक्सवाल्याने विचारलं, "वाढदिवस कोणाचा?"

"कांद्याचा."

"बरं. फोटो व्हॉट्सॲप करा."

फ्लेक्स लागला आणि 19 ऑगस्टला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. झालं, मध्ये शंकरपाळा घुसला: "शुल्क भरलं का?" दुसरा फ्लेक्स. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य (याच्या खालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही) टनाला 800 डॉलर झालं, म्हणजे अजून एक शंकरपाळा आणि तिसरा फ्लेक्स. 8 डिसेंबरला थेट बंदी! चौथ्या फ्लेक्सवर सगळे बाण एकाच ठिकाणी जाऊन आदळत होते, आणि तिथे लाल अक्षरांत हातभर लिहिलं होतं: थांबा. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलर आणि 40 टक्के ही जोडी घेऊनच. पाचवा. सप्टेंबरात 550 गेलं, शुल्क 20 वर आलं. सहावा. एव्हाना मी दुकानात शिरलो की फ्लेक्सवाला नुसतं म्हणायचा, "नेहमीचं?"

आणि एवढ्या काळात कांद्याचा रस्ता तसूभरही हलला नव्हता. लिलाव तोच, खळं तेच, गोणी तीच. बंदीत माल सडला, तोही त्याच रस्त्यावर.

सहावा फ्लेक्स टांगताना स्टूल धरून उभे असलेले अकाउंटंट काका म्हणाले, "अरे बाबा, एसटीच्या पाटीवर काय लिहितात? नाशिक–येवला. भाडं लिहितात का? भाडं वाढलं म्हणून कुणी पाटी रंगवतं का? भाडं कंडक्टरकडं असतं."

मी स्टुलावरच उभा राहिलो. माझ्या प्रत्येक शंकरपाळ्यात भाडं लिहिलेलं होतं.

मग रात्री बसून वाचलं, तर कळलं की हे दुखणं जुनं आहे. धंद्याचे नियम कसे मांडावेत याचा विचार करणाऱ्या 'बिझनेस रूल्स ग्रुप' नावाच्या गटाने 2003 मध्येच जाहीरनाम्यात म्हणून ठेवलंय, की नियम म्हणजे प्रक्रिया नव्हे, तो तिच्या पोटात कोंबू नका. असे नकाशे काढायची जी जगन्मान्य पद्धत आहे, बीपीएमएन, तिच्या 2011 च्या आवृत्तीत 'इथे नियम तपासा' एवढंच सांगणारा वेगळा चौकोन आहे. आणि ते नियम तक्त्यात मांडायची डीएमएन नावाची सोय 2015 मध्ये आली. म्हणजे मी पहिला फ्लेक्स छापला तेव्हा या आजारावरचं औषध वीस वर्षांचं झालं होतं.

शंकरपाळे उडवले. त्यांच्या जागी एकच चौकोन: "तक्ता बघा". तक्ता काकांच्या वहीत, पेन्सिलीने. कधीपासून, किमान मूल्य किती, शुल्क किती. पण काका जुनी ओळ खोडत नाहीत, त्यांच्या मते ते पाप आहे. पहिल्याच आठवड्यात भाच्याने 40 ची ओळ वाचली, 20 ची वाचली आणि गिऱ्हाइकाला इमानदारीत साठ टक्के सांगितले. डीएमएनवाल्यांनी याचाही विचार केलाय. तक्त्याच्या कोपऱ्यात इंग्रजी 'यू' लिहिलं, की एका वेळी एकच ओळ लागू पडली पाहिजे, दोन लागल्या तर तक्ताच चुकला. काकांनी 'यू' लिहिलं आणि नाइलाजाने 'पर्यंत' असा चौथा रकाना आखला.

1 एप्रिल 2025 ला शुल्क गेलं. तारीख बघून आम्ही दोनदा खात्री केली. मग काकांनी एका ओळीत 31 मार्च भरलं, खाली शून्याची नवी ओळ लिहिली आणि चहा मागवला. मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

जुने फ्लेक्स शेठने वाया घालवले नाहीत. परवा पावसाची झड आली तेव्हा कांदाचाळीच्या उघड्या बाजूला चौथा नंबर बांधला, अक्षरं बाहेरच्या अंगाला. संध्याकाळी माल न्यायला आलेला टेम्पो फाटकातच उभा, तासभर. मी भिजत जाऊन विचारलं, "आत का घेत नाही?"

ड्रायव्हरने काच चार बोटं खाली केली आणि चाळीकडे बोट दाखवलं. "तुम्हीच लिहिलंय ना तिथं, एवढ्या मोठ्या अक्षरात."