सुरुवात घराजवळच्या नदीवरून करा

वन्यजीवांवर लिहिणारा लेखक कसं व्हावं, यावर एक लेख वाचला. आधी ताडोबा-कान्हाच्या वाऱ्या करा आणि भारी कॅमेरा घ्या, हा त्यातला सल्ला मला पटला नाही. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले. आमच्या शहराच्या मधून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, अगदी भरवस्तीत. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या लोकांच्या दारापर्यंत आल्या होत्या.

माझा पहिला लेख साभार परत आला. संपादकांनी एकच ओळ लिहिली होती: विशेषणं भरपूर आहेत, मगर कुठे आहे? फार लागलं मनाला. मग त्या हिवाळ्यात रोज सकाळी वही घेऊन आमच्या बडोद्यातल्या काळा घोडा चौकाजवळच्या, विश्वामित्रीवरच्या पुलावर उभी राहायला लागले. ऊन चढलं की मगर काठावर येते आणि जबडा उघडा टाकून निपचित पडते. तो राग नव्हे, अंगातली उष्णता सांभाळायची तिची रीत आहे. शेजारी बगळा निर्धास्त उभा! उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं निघतात पावसाच्या सुमारास. एवढा काळ तिथे थांबल्याशिवाय हे लिहिता येत नाही.

पैशांचं मात्र त्या लेखात खरं लिहिलंय. नुसत्या लेखांवर घर चालत नाही, मी शिकवण्या घेते.

नव्या मुलांनी डिसेंबरात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जरूर जावं. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, तिथे दिसतात. दुर्बीण उसनी चालेल, वही स्वतःची हवी.