पयलें इनाम कितें?

गोव्यात देणगी मागणं कठीण नाही, कुपनाशिवाय मागणं कठीण. चवथ जवळ आली की सार्वजनिक गणपतीची कुपनं घरोघर फिरतात. पहिलं बक्षीस गाडी, दुसरं स्कूटर आणि शेपटाला मिक्सरांची रांग. त्यामुळे पावतीपुस्तक दिसलं की इथला माणूस चष्मा लावून आधी बक्षिसांची यादी शोधतो. माझ्या पुस्तकावर यादी नव्हती. तिच्या जागी एकच ओळ होती: 'बालरुग्णांसाठी उपचारात्मक क्रीडांगण'.

ही ओळ माझी. 'तुमचं मराठी बरं' म्हणून खेळघराच्या समितीने मला ओढलं होतं. फोंड्यातल्या पहिल्याच घरी एका निवृत्त मास्तरांनी ती दोनदा वाचली. "उपचारात्मक म्हणजे? नुसतं उपचार म्हणून?" मी घरी जाऊन खोडाखोड केली आणि 'मुलांसाठी इस्पितळात खेळ' असं लिहिलं. दुसऱ्या घरचे भाऊ एकदम सावरून बसले. "खेळ? नाटक कुठलं? माझ्याजोगी भूमिका असली तर सांग. दाढीवाली मात्र नको, घाम येतो."

मग मी तोंडीच सांगू लागलो. मुलाला सुई टोचायची असेल तर आधी त्याच्या हाती बाहुली आणि खेळण्यातली सिरिंज देतात. डॉक्टर तो, रोगी बाहुली. आपल्यावर काय गुदरणार आहे ते त्याला आधी हाताने कळतं. टोचताना साबणाचे फुगे फुंकायला लावतात, म्हणजे श्वास लांब सुटतो आणि नजर फुग्यावर राहते. आणि मुख्य नियम असा, की खेळाच्या जागेत सुई आणायची नाही. कितीही मोठा डॉक्टर असो, ट्रे बाहेर ठेवून यायचं. माझी भाची चार दिवस इस्पितळात होती, तेव्हा पांढरे कपडे दिसले की किंकाळी फोडायची. मी भजनाहून परस्पर झब्ब्यातच तिला बघायला गेलो, तर मलाही फोडली. म्हणून तर मी यात पडलो.

एवढं सगळं ऐकून घेऊन लोक हळहळत आणि विचारत, "बरें. पण पयलें इनाम कितें?"

न विचारता पन्नास रुपये दिले ते एकट्या पोदेराने. त्याला विचारायला वेळ नव्हता, पाव थंड होत होते.

एका वयनींनी पैशांऐवजी माणसाएवढं मऊ अस्वल दिलं. नर्सबाईंनी ते दारातूनच परत पाठवलं. इथली खेळणी एका मुलाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जायच्या आधी पुसून-धुवून घ्यावी लागतात, आणि अस्वल पुसता येत नाही. वयनींना परत देणं शोभेना. सध्या ते आमच्या दिवाणखान्यात, माझ्या खुर्चीत बसतं.

समितीच्या बैठका वेगळ्याच. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा छप्पर हवं. खाऱ्या हवेत लोखंडी झोपाळा गंजणार. खाली रबराची जमीन हवी, आणि सलाईनचा स्टँड चाकांवर ढकलत येणारं मूल अडखळू नये म्हणून दाराला उंबरठा नको. इथे दोन तास गेले. उंबरठाच नसेल तर लक्ष्मी आत येणार कशी, असा एका सदस्यांचा सवाल होता. ती अजून बाहेरही दिसत नव्हती, हे मी बोललो नाही.

शेवटी वाड्यावरच्या सत्यनारायणाच्या पावणीत, म्हणजे पूजेनंतरच्या लिलावात, खेळघराच्या नावाने एक नारळ ठेवायचं ठरलं. आणि काय सांगू! जे लोक महिनाभर 'बघूं या' म्हणत होते, तेच शेजाऱ्यावर कुरघोडी करण्यासाठी गर्जू लागले. पाचशे, हजार, दोन हजार. सहा हजारांवर जरा शांतता झाली. आता ढकलायला हवं म्हणून मी, महिनाभर दुसऱ्यांच्या खिशाकडे बघणारा आणि स्वतःची पावती पाचशे एकची फाडलेला, उत्साहाने ओरडलो, "साडेसहा!"

एकवार. दोनवार. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ छपराकडे पाहत होते.

निदान देणगीवरची आयकरातली ८० जीची सवलत तरी मिळेल, म्हणून मी आमच्या सीए सदस्याला गाठलं. तो म्हणाला, "आधी रोख दोन हजारांच्या वर चालतच नाही. आणि तुम्हाला बदल्यात नारळ मिळालाय ना? मग ती देणगी कसली? खरेदी झाली."

घरी बायकोने नारळ कानाशी धरून हलवला. "पाणी कमी वाटतं हो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याची सोलकढी केली. मी उभ्यानेच प्यायलो, खुर्चीत अस्वल होतं.