चालता ट्रक बंद पडला म्हणजे पंपच गेला?

उसाचा हंगाम आला की निपाणी, संकेश्वर, बेळगाव पट्ट्यातल्या ड्रायव्हरांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डिझेल गाडी चालता चालता बंद पडली म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप गेला. त्याला कारण, कोगनोळीची राज्य-सीमा ओलांडून भरलेलं स्वस्त डिझेल. खात्री करायची तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या पाईपांचे नट सैल करून सेल्फ मारा. नाहीच झाली चालू तर हवेच्या पाईपात पेट्रोल मारा, नाहीतर उतारावर गिअरात सोडा. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची गाडी असेल तर धूर स्वच्छ करायला लागणारा युरिया संपलाय. यातले नट सैल करणं, पेट्रोल मारणं आणि उतारावर सोडणं हे तीन सल्ले जिवावर बेतणारे आहेत, बाकीचे खिशावर.

"पंप गेला." पंप एका क्षणात क्वचितच जातो. झिजत आला की आधी लक्षणं दाखवतो: सकाळी सेल्फ जास्त लागतो, घाटात ओढ कमी होते, गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला कुरकुरतं. म्हणून आधी गाडी बंद *कशी* पडली ते आठवा.

चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात बंद पडली तर संशय विजेवर घ्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज आणि स्टॉप सोलेनॉईडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर बघा. करंट मिळाल्यावर उघडणारा सोलेनॉईड असेल तर चावी ऑन करताना त्यावर बोट ठेवा, 'टक्' जाणवलं पाहिजे. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाच्या एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल देणाऱ्या) चावी ऑन केल्यावर चेक लॅम्प पेटलाच नाही तर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला करंट नाही, म्हणजे फ्यूज आणि रिले आधी. लॅम्प पेटतो, सेल्फ जोरात फिरतो, पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, तर इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर.

गचके देत, रेस सोडत बंद पडली तर मात्र डिझेलचा रस्ता तपासा, तोही टाकीपासून. झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत गेली तर ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारं छिद्र, बुजलाय. उसाच्या फडातून आलेल्या गाडीत धूळ आणि पाचटाचा भुगा तिथे हमखास बसतो. तवंदी घाटात टाकी तळाला आलेली असेल तर चढावर डिझेल एका बाजूला सरकतं आणि सक्शन पाईप हवा ओढतो. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारा. फेस संपून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हातपंप कितीही मारला तरी मऊच लागतो? मग टाकी आणि हातपंपाच्या मधे हवा शिरतेय: पाईप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, रबरी होजचे क्लॅम्प, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या वाटीची रिंग. फसगत इथेच होते. बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही, कारण या भागात दाब नसतो, ओढ असते; डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वॉशरचा खर्च किती आणि पंप उतरवण्याचा किती, हे सांगायला नको.

"स्वस्त डिझेल." दोन राज्यांच्या दरातला फरक मुख्यतः करांचा. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेलच मिळतं. एखाद्या पेट्रोल पंपाच्या टाकीत पाणी शिरू शकतं, पण ते सीमेच्या दोन्ही बाजूंना. शंका असेल तर सेपरेटरच्या खालच्या नळीतून पारदर्शक बाटलीत लिटरभर डिझेल काढा आणि अर्धा तास हलवू नका. पाणी तळाशी वेगळं दिसेल. पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवायला सांगता येतं, ते मागा. आणि तळाशी काळा गाळ आला तर तो बहुधा आपल्याच टाकीतला, वर्षानुवर्षं न धुतलेला.

"नट सैल करा." जुन्या पंपावर हे चालायचं. कॉमन रेलवर हात लावू नका. चालू इंजिनात रेलचा दाब १५०० बारच्या वर जातो, नुसत्या सेल्फवरही २०० बारच्या आसपास. ट्रकच्या टायरात असतो ८ बारच्या जवळपास. ती बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मांस सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं. रेलचा दाब स्कॅनरवर बघतात, नट सोडून नाही.

"पेट्रोल मारा." हवेच्या पाईपात हीटर असेल तर तिथेच भडका. नसला तरी अवेळी पेट घेऊन पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जाऊ शकतो.

"उतारावर सोडा." इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद. हवेच्या टाकीतली हवा थोड्याच ब्रेकात उतरते, स्टिअरिंग जड होतं, आणि वंटमुरी घाटात मागे भरलेला ऊस असतो.

"युरिया संपला." युरिया संपल्यावर गाडी आधी दिवे लावते, मग ओढ कमी करते, पुढे वेग रांगण्याइतका खाली आणते. चालत्या गाडीचं इंजिन झटक्यात बंद करत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. पावसाळ्यात खानापूरकडे पुलावरच्या पाण्यातून काढताना, किंवा मोठा आवाज होऊन बंद पडली आणि सेल्फ 'टक्' करून अडला, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर दुसऱ्या प्रयत्नात रॉड वाकतो. ऑइलची दांडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी टो करूनच न्यायची. लांब टो करायची तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवा, नाहीतर इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही आणि चाकं मात्र गिअरबॉक्स फिरवत राहतात. तोवर चाकांना दगड लावा, मागे निदान ५० मीटरवर त्रिकोण ठेवा. हायवेवर मदतीला १०३३.