साहेब वाटेत आहेत

आमदारांच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळ उभा राहणारा माणूस म्हणजे सूत्रसंचालक. आमच्या तालुक्यात हे पद माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलं नाही आणि कुणी काढूनही घेत नाही. हायस्कुलात मराठी शिकवतो, आवाज खणखणीत आहे आणि कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढी पात्रता पुरली. मानधन नाही. शाल मिळते. घरात आता शालींचं वेगळं कपाट आहे.

पत्रिकेवर वेळ सकाळी दहाची असते. दहाला मंडपवाला असतो आणि मी असतो. अकराच्या पुढे खुर्च्या भरायला लागतात, त्याही मागच्या रांगेपासून. स्वीय सहायकांना फोन लावला की उत्तर ठरलेलं : "फाट्यावर आलोय, सर. तुम्ही चालू ठेवा." काय चालू ठेवा? दीपप्रज्वलन साहेबांच्या हस्ते, प्रतिमापूजन साहेबांच्या हस्ते, प्रास्ताविकही साहेब बसल्यावरच. त्यांच्याविना चालू ठेवण्यासारखं माझ्याकडे एकच असतं, माझं तोंड.

साहेबांना दोष देत नाही. मतदारसंघात शंभरावर गावं. सकाळी एका गावात दहावा, मग साखरपुडा, मग सप्ताहाच्या काल्याचं कीर्तन, दुपारी कुस्त्यांचं मैदान. मुंबईत सभागृहात गैरहजर राहिले तर तालुक्यात कुणाला पत्ता लागत नाही. दहाव्याला गैरहजर राहिले तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकावं लागतं. या हिशेबात माणूस काय निवडेल?

तर मी बोलत राहतो, आणि तेवढ्यात चिठ्ठ्या सुरू होतात. "सर, यांचं नाव राहिलं." विकास सोसायटीचे विद्यमान चेअरमन, माजी चेअरमन, त्याआधीचे माजी चेअरमन. युवा नेते, ज्यांच्या नातवाचं बारसं मागच्या महिन्यात झालं. चिठ्ठी तंबाखूच्या पुडीच्या कागदावर असते आणि अक्षर असं की आडनाव अंदाजानं घ्यावं लागतं. कुणाचं नाव आधी आणि कुणाचं नंतर, यावर आमच्याकडे भावकी तुटलेली आहे. म्हणून मी "वेळेअभावी सर्वांची नावं घेणं शक्य नाही" असं म्हणतो आणि मग सर्वांची नावं घेतो.

मागच्या कार्यक्रमात चिठ्ठ्याही संपल्या. साहेब अजून फाट्यावरच होते. समोर साहेबांच्या कार्यअहवालाची गुळगुळीत पुस्तिका पडली होती, ती उघडली. पानोपानी फोटो : नारळ फोडताना, फीत कापताना, फेटा बांधून घेताना, हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात मागे उभे. सगळ्यात शेवटी, मलपृष्ठाच्या आत, बारीक टायपात विधानसभेतलं कामकाज. दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदारांच्या गर्दीत आमच्या साहेबांनी खरोखर प्रश्न विचारले होते! एक लक्षवेधी सूचना होती, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अर्ध्या तासाची चर्चाही होती. मला त्या पानाचं कौतुक वाटलं. ज्या कामासाठी माणसाला निवडून दिलं ते काम पुस्तिकेत शोधून काढावं लागतं, पण होतं.

नागपूरला त्या वेळी तालुक्यातून दोन गाड्या भरून मंडळी गेली होती, हे मला माहीत आहे. सगळ्यांनी विधानभवनासमोर फोटो काढले आणि येताना संत्र्याची बर्फी आणली. चर्चा कशावर झाली हे विचारल्यावर मात्र सगळे थंडीबद्दल बोलले.

मी माइकवर तारांकित प्रश्न वाचायला घेतला. रस्त्याचा होता, तोही आमच्याच. "रस्त्याची दुरवस्था झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" मंडप एकदम शांत. इतकी शांतता मला कवितेलाही मिळालेली नाही. पहिल्या रांगेतल्या आबांनी कानामागे हात धरला.

"मग काय म्हणले मंत्री?"

मी वाचलं, "हे अंशतः खरे आहे."

"म्हंजी अर्ध्या खड्ड्यात आपुन पडलोच न्हाई?"

"आणि शेवटच्या भागाला उत्तर आहे, प्रश्न उद्भवत नाही."

"माझी कंबर गेली त्या रस्त्यानं," आबा उभे राहिले, "आन् प्रश्न उद्भवत न्हाई व्हय!"

टाळ्या पडल्या. त्या दिवसातल्या पहिल्या. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. हा सगळा प्रकार कुणीतरी फेसबुकवर लाइव्ह दाखवत होतं आणि स्वीय सहायक तो गाडीतून बघत होते. "सर, ते नका वाचू. हायमास्टचं पान घ्या."

हायमास्टचं पान घेतलं. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. गावांच्या संख्येनं भागा, म्हणजे सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट एवढंच का दिसतं ते कळेल. शिवाय आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते, पैसा सरकारचा. पण फलकावर "साहेबांच्या निधीतून" असं एवढं ठसठशीत लिहितात की आमच्या आजीला वाटतं साहेबांनी त्यासाठी शेत विकलं.

साहेब आले ते सव्वाला. फटाके, हलगी, सेल्फी. भूमिपूजनाचा नारळ फुटेना. तिसऱ्या माणसानं तो जेसीबीच्या दातावर आपटला. या रस्त्याचं भूमिपूजन आधी विरोधी गटानंही उरकलं होतं, त्यामुळे माती तशी भुसभुशीत होती. कुदळ पहिल्याच घावात रुतली, फोटो झकास आला.

भूमिपूजनांचा खरा हंगाम मात्र आचारसंहितेच्या आधी येतो. 2024 च्या ऑक्टोबरात 15 तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्याआधीच्या दिवसांत माझा घसा बसला होता आणि बाजारात नारळ मिळेनात. आचारसंहिता लागली तसा ग्रामपंचायतीचा शिपाई खळ आणि कागद घेऊन कोनशिला झाकत फिरू लागला. काही कोनशिला झाकायला त्याला शेतात जावं लागलं, कारण ज्या इमारतीवर त्या बसवायच्या ती इमारतच नव्हती. जिल्हा परिषद शाळेच्या संरक्षक भिंतीची कोनशिला अशीच आधीच्या आमदारांच्या काळापासून लिंबाच्या झाडाला टेकून उभी आहे. पोरं खेळताना तिचा स्टंप करतात.

तर साहेब बोलायला उभे राहिले. माणूस बोलतो चांगला. आबांचं नाव घेऊन म्हणाले, "आबा, तुमच्या कमरेसाठी मी नागपूरला भांडलोय." आबांनी लगेच हात जोडले. मग त्यांची नजर समोरच्या शाळेकडे गेली. "या शाळेला भिंत नाही? येत्या आर्थिक वर्षात संरक्षक भिंत मी मंजूर करून देतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वीय सहायकांनी वहीत टिपून घेतलं आणि मला खूण केली : भूमिपूजनाला सूत्रसंचालन तुमचंच.

मी आभाराच्या चिठ्ठ्या लावत होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई मंचामागून वाकला आणि कानाशी म्हणाला, "सर, नवी कोनशिला करायला सांगू नका. जुनीची मागची बाजू कोरी हाय."