हुकमुळं कोड लपतो का? एका कमेंटला जरा लांबडं उत्तर

सर, तुमची कमेंट नीट वाचली. उत्तर कमेंटबॉक्समधी मावेना म्हणून इथं वेगळं टाकतोय.

ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोलापुरातल्या चादर-टॉवेलवाल्या कारखानदारांसाठी आमचं बिलिंगचं वेब ॲप आहे, पीएचपीमधलं, जुनं. त्यातलं बिल सेव्ह करायचं एकच फंक्शन वाढत वाढत असं झालेलं की नवीन पोराला दाखवायची लाज वाटायची. ते फोडून गिऱ्हाईकागणिक बदलणारा भाग आम्ही प्लगिनमधी (मुख्य कोडला बाहेरनं जोडायच्या तुकड्यात) नेला आणि मुख्य कोडमधी हुक ठेवले, म्हणजे बाहेरचा कोड येऊन अडकायच्या ठरलेल्या जागा. त्यावर तुमचं म्हणणं असं की हुक म्हणजे लपवलेला गोटू (कोडमधी कुठनंही कुठंही उडी मारायची जुनी, बदनाम आज्ञा) आहे, एका फाइलीतला गोंधळ तुम्ही तीस फायलीत पसरवलात, कुणाच्या आधी कोण चालतंय ते देवालाच माहीत, सरळ फंक्शन लिहिली असती तर काय बिघडलं असतं, आणि वर "पैशाच्या सॉफ्टवेअरमधी वर्डप्रेसचा जुगाड कशाला".

आधी तो जुगाड शब्द बाजूला काढू. हुक वर्डप्रेसनं (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) शोधले नाहीत, ईमॅक्स ह्या जुन्या एडिटरमधी ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, वर्डप्रेससारखंच असलेलं ड्रुपल तर उभंच हुकवर आहे. आणि वर्डप्रेसवाल्यांनीपण २०१६ मधी ४.७ व्हर्जनला हुकचं आतलं इंजिन बदलून त्याचा वेगळा क्लास केला, कारण एखादा हुक चालू असतानाच कुणी त्याच हुकवर नवीन कॉलबॅक (हुकला लावलेलं फंक्शन) जोडला किंवा काढला, नाहीतर तोच हुक आतून परत बोलावला, की जुन्या पद्धतीत घोळ व्हायचा. म्हणजे ही चीज लोकांनी वापरून, भाजून घेऊन, दुरुस्त केलेली आहे. हां, पण म्हणून ती कुठंही घुसवावी असं मी कुठं म्हणलं?

तुमचा खरा मुद्दा क्रमाचा आहे, आणि तो लई वजनदार आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

समजा जेकार्डचं जाडजूड बेडकव्हर आहे, नग २,६०० रुपयांचा, आणि व्यापाऱ्याला बिलातच ५ टक्के डिस्काउंट द्यायचाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून असल्या मालाला नगामागं २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर गेलं की १८ (आधी ही रेघ १,००० वर होती आणि वरचा दर १२ होता). आता डिस्काउंट आधी लावला तर किंमत होतीय २,४७०, म्हणजे ५ टक्क्यात बसला, टॅक्स १२३ रुपये ५० पैसे, बिल २,५९३.५०. आणि टॅक्स आधी लावला तर २,६०० वर १८ टक्के म्हणजे ४६८, झाले ३,०६८, त्यातून ५ टक्के काढले तर २,९१४.६०. एका नगामागं ३२१ रुपयांचा फरक. गिऱ्हाईक फोनवर काय बोलंल ते सांगायला नको.

ह्याच्यापेक्षा वाईट केस स्वस्त मालाची असतीय बघा. १०,००० चे टॉवेल, सगळा माल ५ टक्क्यातला. डिस्काउंट आधी लावला तर ९,५०० वर टॅक्स ४७५, एकूण ९,९७५. टॅक्स आधी लावला तर १०,५०० मधून ५२५ गेले, एकूण परत ९,९७५च. टोटल जुळली म्हणून कुणी बघतच नाही, पण टॅक्सच्या रकान्यात ४७५ च्या जागी ५०० बसलेत, आणि ते महिन्याच्या शेवटी सीए रिटर्न भरायला बसले की वर येतंय.

आता हेच जर हुकवर सोडलं, म्हणजे डिस्काउंटचं प्लगिन एका फिल्टरवर (किंमत आत घेऊन, बदलून परत देणारा हुक), टॅक्सचं प्लगिन त्याच फिल्टरवर, दोघांची प्रायॉरिटी (कोण आधी चालणार त्याचा आकडा, लहान तो आधी) वर्डप्रेसमधी असतीय तशी डिफॉल्ट १०, तर जो आधी रजिस्टर झाला तो आधी चालणार. मग कुणीतरी ९ करणार, दुसरा ५ करणार, तिसरा वैतागून ९९९ टाकणार आणि राउंड ऑफ मधीच कुठंतरी होऊन बसणार. तुम्ही ज्याला गोटू म्हणताय ते हेच असंल तर शंभर टक्के मान्य.

पण आमच्या कोडमधी हे हुकवर नाहीच. रेट, डिस्काउंट, टॅक्स, राउंड ऑफ, सेव्ह, ह्या पाच गोष्टी एकाच फंक्शनमधी, एकाखाली एक, साध्या कॉलनी लिहिल्यात, एका स्क्रीनवर मावतात, आणि त्यांचा क्रम कुठलंही प्लगिन बदलू शकत नाही. तुम्ही म्हणता तीच सरळ फंक्शनं. प्लगिनला फक्त दोन जागी तोंड घालता येतंय. डिस्काउंटच्या पायरीत एक फिल्टर आहे, तिथं "ह्या पार्टीला किती टक्के" एवढंच विचारलं जातंय आणि उत्तर आकड्यातच द्यावं लागतंय. आणि सेव्ह झाल्यावर, डेटाबेसचा कमिट पडल्यावर (नोंद पक्की झाल्यावर), एक ॲक्शन (नुसती वर्दी देणारा हुक) आहे की बिल झालं, आता ज्याला जे करायचंय ते करा. व्हॉट्सॲपला मेसेज, दलालाच्या खात्यात कमिशनची नोंद, गोडाऊनच्या स्टॉकचा रिपोर्ट. ह्यातलं कोण आधी चाललं, कोण नंतर, ह्यानं कुणाचं काहीच बिघडत नाही. माझा नियम इतकाच आहे की क्रम बदलला की उत्तर बदलत असंल तर तिथं हुक नाही, सरळ कॉल. आमच्या डिस्पॅचरला (हुकवरची फंक्शनं चालवणाऱ्या कोडला) प्रायॉरिटीचा आकडा घ्यायची सोयच ठेवलेली नाही. कुणाला प्रायॉरिटीची गरज वाटली तर समजायचं की त्याची चीज चुकीच्या जागी बसलीय.

हां, ई-वे बिलावर (माल गाडीनं न्यायला जीएसटीच्या पोर्टलवरनं काढायचा कागद) आमच्यात बरीच वादावादी झाली. वरवर बघितलं तर ते "सेव्ह झाल्यावर"मधलंच काम वाटतंय. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं हैदराबादला माल निघालाय, बिल ५०,००० च्या वर आहे, तर ई-वे बिलाशिवाय गाडी गेटाबाहेर काढता येत नाही, आणि पोर्टल त्या टायमाला हळू चालत असंल म्हणून बिलच सेव्ह होऊ द्यायचं नाही हेपण बरोबर नाही, ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत बसलेला असतोय. शेवटी बिल सेव्ह होतंय, ई-वे बिलाचं काम रांगेत जातंय, आणि गेटपास छापायच्या फंक्शनमधी सरळ तपासणी आहे की नंबर आलाय का. ती तपासणी हुक नाही, कारण ती कुणी चुकून अनप्लग केलेली परवडणार नाही.

"मग प्लगिन कशाला, पार्टीप्रमाणं सेटिंगचं टेबल करा की" असंपण तुम्ही लिहिलंय. आहे ना टेबल. टक्के, क्रेडिटचे दिवस, बिलाची भाषा हे सगळं टेबलातच आहे. पण एक मालक म्हणतोय डिस्काउंट मागच्या तिमाहीच्या उचलीवर द्यायचा, दुसरा म्हणतोय जुनी उधारी थकली असंल तर डिस्काउंट बंद, तिसऱ्याकडं दलाल बदलला की हिशोबच बदलतोय. हे टेबलात बसवायला गेलं की टेबलाच्या रकान्यात हळूहळू एक भाषा तयार होतीय, आणि तिला ना डिबगर ना टेस्ट. जुन्या फंक्शनमधी ह्याच सगळ्याच्या "पार्टी नंबर अमुक असेल तर"वाल्या अटी होत्या, आणि एका अटीवर कॉमेंट होती: "हे काढू नका, मालक ओरडतात." कुठले मालक, कशासाठी, ते कुणालाच आठवंना. आता ती अट त्या पार्टीच्या फोल्डरमधी आहे. उद्या त्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं तर फोल्डर उडवायचं, बाकी कोडला हात लावायची गरज नाही.

कोड सापडत नाही ह्या तक्रारीवर. हुकची नावं जोडून बनवली की सर्च केल्यावर सापडत नाहीत, हे खरंय. वर्डप्रेसमधी पोस्टच्या टाइपप्रमाणं सेव्हच्या हुकचं नाव बनतंय, तिथं नवीन माणूस हमखास चकतोय. आमच्याकडं नाव अख्खं, एका जागी कॉन्स्टंट म्हणून लिहिलेलं, व्हेरिएबल जोडायला मनाई. निनावी फंक्शन हुकला लावायलापण मनाई, कारण नंतर ते काढायचं म्हणलं तर धरायला हात लागत नाही. आणि डेव्हलपमेंटच्या मशिनवर प्रत्येक बिलाखाली एक पट्टी येतीय: कुठला हुक, कुठल्या फाइलीच्या कितव्या ओळीवरचं फंक्शन चाललं, आत काय गेलं, बाहेर काय आलं. पीएचपीच्या रिफ्लेक्शनमधी (कोडला कोडचीच माहिती विचारायची सोय) फाइल आणि ओळ दोन्ही मिळतंय, त्यामुळं हे करायला काही विशेष लागत नाही. फिल्टरमधी कुणी रिटर्न लिहायचं विसरलं तर पीएचपी गुपचूप नल (रिकामं उत्तर) देतंय आणि डिस्काउंट शून्य होऊन बसतोय, म्हणून आकडा आला नाही तर डिस्पॅचर तिथंच बोंब मारतोय, बिल पुढं जातच नाही.

फोडाफोडी करताना टेस्ट कुठं होत्या असं विचारलंत. नव्हत्या, जुन्या कोडला असतात कुठं? म्हणून आधी एका अख्ख्या आर्थिक वर्षाची बिलं जुन्या फंक्शनमधनं काढून ठेवली, आणि एकेक तुकडा बाहेर नेला की तीच बिलं नव्या वाटेनं परत काढून पैशापर्यंत ताडून बघितली. जुन्या कोडची चूकपण तशीच्या तशी जुळली पाहिजे, हा हट्ट. चुका सुधारायच्या त्या नंतर, वेगळ्या कमिटमधी (इथं कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद). दोन्ही कामं एकत्र केली की फरक रिफॅक्टरिंगमुळं (वागणं तेच ठेवून कोडची मांडणी बदलल्यामुळं) आला का दुरुस्तीमुळं हे सांगायला कोण येणार?

जँगोच्या (पायथनमधी वेब ॲप लिहायचं फ्रेमवर्क) स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधी सिग्नलबद्दल (त्यांच्याकडचे हुकच म्हणा) इशारा दिलाय की ह्यानं कोड सुटा सुटा झाल्यासारखा दिसतोय पण समजायला आणि डिबग करायला अवघड जातोय, जमंल तिथं सरळ कॉल करा. तुमचं म्हणणं तेच आहे आणि माझंपण. आपला वाद फक्त "जमंल तिथं" म्हणजे कुठपर्यंत ह्याचा आहे. माझ्या हिशोबानं जिथं निर्णय माझा आहे तिथपर्यंत. मालकाच्या डिस्काउंटचा निर्णय माझा नाही, टॅक्सच्या क्रमाचा आहे.

स्पीडचं थोडक्यात: एका बिलाला पाच-सहा कॉलबॅक चालतात, त्यांचा वेळ डेटाबेसच्या एका क्वेरीपुढं दिसतपण नाही. ते सोडून द्या.

एक विचारायचं होतं. तुम्ही ज्या ड्रुपलच्या प्रोजेक्टचं उदाहरण दिलंत, जिथं ऑर्डरची टोटल मधीच बदलायची आणि कोण बदलतंय ते शोधण्यात आठवडा गेला, तिथं टोटल बदलायचा अधिकार किती मॉड्यूलना होता? मला वाटतंय सगळ्यांना असणार. तेवढं सांगितलंत तर पुढं बोलता येईल.